युक्त आहार, युक्त विहार आणि औंधचे पंतप्रतिनिधी



आजचे श्लोक: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

सहाव्या अध्यायात भगवंत ध्यानाबद्दल बोलत असतात. आसन कसं घालावं, नजर कुठे ठेवावी, मन कसं आवरावं. आणि मध्येच ते जेवणाखाण्यावर येतात. फार खाणाऱ्याला योग जमत नाही, उपाशी राहणाऱ्यालाही जमत नाही. झोपाळूला जमत नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. खाणं, हिंडणं, काम, झोप, जाग हे सगळं ज्याचं मापात आहे, त्याचाच योग दुःख दूर करतो. इतकं साधं आहे की आपण भरकन वाचून पुढे जातो.

हे दोन श्लोक मी बरेच दिवस टाळत होतो, कारण यावर लिहायचं तर उपदेश होतो, आणि पुनावळ्यात राहून हिंजवडीला नोकरी करणाऱ्याने कोणाला झोपेवर उपदेश करावा? पण मागच्या महिन्यात आमच्या पारायणाच्या ग्रुपमधल्या एका मित्राची अँजिओप्लास्टी झाली. वय ३६. रोजचा हरिपाठ कधी चुकला नाही त्याचा. भेटायला गेलो तेव्हा त्याने विचारलं, नाम तर घेत होतो, मग हे का? मला उत्तर देता आलं नाही. नामाचं आणि कोलेस्टेरॉलचं खातं वेगळं असतं असं काहीतरी म्हणालो, पण ते त्यालाही पटलं नाही आणि मलाही. देहाची काळजी हा भक्तीचाच भाग आहे की भक्तीच्या बाहेरचं काम? या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी जगून दाखवलं अशा एका माणसाबद्दल आज लिहितो. ते संत नव्हते, राजे होते. आपल्यापैकी अनेकांनी सकाळी सतरंजीवर जे केलेलं असतं, त्याच्या प्रसाराचं मोठं श्रेय त्यांचं आहे, पण नाव फारसं कोणाला आठवत नाही.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजेच बाळासाहेब, औंध संस्थानचे अधिपती. सातारा जिल्ह्यातलं औंध, यमाईचं औंध. जन्म २४ ऑक्टोबर १८६८. शिक्षण साताऱ्यात आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, बी.ए. पर्यंत. १९०९ साली गादीवर आले. संस्थान केवढं, तर ७२ गावांचं, आणि तीही सलग नाहीत. काही साताऱ्याकडे, काही आटपाडीकडे, काही पार विजापूरकडे. नकाशावर सांडलेल्या लाह्यांसारखं.

तरुणपणी त्यांना शरीर कमवायचा नाद लागला. त्या काळी जगभर युजेन सँडोचं नाव होतं. आपण ज्याला सँडो बनियन म्हणतो ना, तो हाच सँडो, लंडनमध्ये गाजलेला पहिलवान. बाळासाहेबांनी त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं नेमाने तो व्यायाम केला. म्हणजे आजच्या भाषेत जिमची मेंबरशिप घेऊन खरोखर जाणारे ते दुर्मीळ गृहस्थ! छाती भरली, दंड भरले. पण पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग मरेपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत.

सूर्यनमस्कार त्यांनी शोधून काढले असं म्हणणं चूक ठरेल. तृचाकल्पाचे नमस्कार वैदिक घरांत पूजेचा भाग म्हणून घातले जात होते, आणि तालमीत जोर-बैठकांबरोबरही नमस्कार होतेच. पंतांनी काय केलं, तर हे दोन धागे एकत्र विणले. एका नमस्काराच्या दहा स्थिती ठरवल्या, प्रत्येक स्थितीला श्वास कधी घ्यायचा, कधी रोखायचा, कधी सोडायचा हे ठरवलं, आणि ओंकार, बीजमंत्र आणि सूर्याची मित्र, रवी, सूर्य, भानू अशी नावं त्याला जोडली. मधल्या स्थितीत दोन पावलं, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ जमिनीला टेकतं. साष्टांग. म्हणजे व्यायामाच्या ऐन मध्यावर माणूस देवापुढे आडवा पडलेला असतो. मला ही रचना फार आवडते. मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं: इथे देहाचं आणि देवाचं खातं वेगळं काढताच येत नाही.

सँडोच्या व्यायामाला साधनं लागत. नमस्काराला माणसाच्या उंचीएवढी जागा लागते, बस. पैसे नकोत, जोडीदार नको, मैदान नको. लहान मुलं, बायका, म्हातारे, सगळ्यांना जमतं. पंतांचा सगळा भर यावर होता. राणीसाहेबही नमस्कार घालत, आणि हे त्या काळी गुपित न ठेवता ते अभिमानाने सांगत. १९२८ मध्ये त्यांनी या विषयावर इंग्रजी पुस्तक काढलं. पुढे ते विलायतेला गेले तेव्हा लुइझ मॉर्गन नावाच्या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. साठी उलटलेल्या राजाची तब्येत बघून त्या चकित झाल्या, आणि त्यांच्याच संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनमधून पंतांचं दुसरं पुस्तक आलं, आरोग्याच्या दहा पायऱ्यांबद्दलचं. आज बर्लिन किंवा न्यूयॉर्कच्या योगवर्गात दिवसाची सुरुवात ज्या हालचालींनी होते, त्यांचा एक रस्ता औंधच्या वाड्यातून गेला आहे.

चीनमध्ये ताओ मार्गाने जाणाऱ्यांची अशीच एक परंपरा आहे. तिला यांगशेंग म्हणतात, जीवनाचं पोषण. त्यातही उभ्याने करायच्या आठ हालचालींची एक मालिका आहे, बादुआनजिन नावाची. संथ श्वास, साधनं शून्य. च्वांग त्सूच्या ग्रंथात एका स्वयंपाक्याची गोष्ट येते. त्याची सुरी १९ वर्षं बोथट झालेली नाही, कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यामधली मोकळी जागा शोधून तिथून सुरी नेतो. बघणारा राजा म्हणतो, जीवनाचं पोषण कसं करावं ते मला आज कळलं. गीतेतल्या युक्त शब्दाच्या हे किती जवळ आहे! जोर लावणं म्हणजे साधना नाही. माप सापडणं ही साधना आहे.

आता इथे एक अडचण आहे, आणि ती झाकून पुढे जाणं बरोबर नाही. पंतांनी औंधच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. राजाला आवडलं म्हणून प्रजेच्या पोरांनी करायचं. मंत्रांसकट व्यायामाची सक्ती झाली की तो कोणाचा धर्म, हा प्रश्न येतोच. मला स्वतःला सक्ती पटत नाही. आमच्या सोसायटीत स्टेप-काउंटचं चॅलेंज निघालं तेव्हा पहिल्या आठवड्यात लोक फोन मुलांच्या खिशात टाकून पावलं मोजून घेत होते. सक्तीतून आकडे वाढतात, माप सापडत नाही.

पण पंतांचं आयुष्य तिथेच थांबत नाही, आणि म्हणूनच मी त्यांच्याबद्दल लिहितोय.

या माणसाची सकाळ नमस्कारात जायची, पण उरलेला दिवस आरशापुढे जात नव्हता. ते चित्रकार होते. रामायणावरची त्यांची चित्रमालिका पुस्तकरूपाने आली. ते कीर्तन करायचे, हो, राजे असून हरिदासासारखे उभे राहून. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरत होतं, तेव्हा १९१८ मध्ये त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. ते काम पूर्ण व्हायला १९६६ उजाडलं. आज आपण महाभारतातला श्लोक मूळचा की नंतरचा असं वाद घालताना जी आवृत्ती उघडतो, तीच ही. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला येऊन राहिले, स्वाध्याय मंडळ तिथूनच चाललं. त्यांची गीतेवरची पुरुषार्थबोधिनी या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. स्वतः सातवळेकर शंभरी पार करून गेले.

आणि आपल्या पट्ट्यातल्या लोकांसाठी खास: १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज पंतांनी दिलं. निवडुंग आणि साप असलेला माळ होता तो. तिथे किर्लोस्करवाडी झाली. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत आज जो कारखान्यांचा पसारा आहे, त्याच्या कितीतरी आधी या राजाने नांगर बनवणाऱ्या एका माणसावर विश्वास टाकला होता.

औंधच्या शाळेत गरिबीत शिकून गेलेल्या मुलांत साने गुरुजी होते, ग. दि. माडगूळकर होते. ज्या राजाने रामायण चितारलं त्याच्या शाळेतल्या मुलाने पुढे गीतरामायण लिहिलं! योगायोग म्हणा, मला नुसता योगायोग वाटत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र त्यांनी सत्तरीत केली. १९३८ च्या वाढदिवसाला त्यांनी जाहीर केलं की राज्य प्रजेच्या हाती देणार. मुलगा आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर मदतीला होते. मसुदा घेऊन मंडळी गांधीजींकडे सेवाग्रामला गेली. १९३९ च्या जानेवारीत औंधची स्वराज्याची घटना लागू झाली. गावोगावी निवडलेल्या पंचायती आल्या, राजाच्या खासगी खर्चाला मर्यादा आली. इंग्रज अजून देशात होते, बाकीचे बरेच संस्थानिक मुठी आवळून बसले होते, आणि ७२ गावांचा हा राजा स्वतःच्या हाताने मूठ उघडत होता.

फ्रीडमनबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्याच जातीचा प्राणी, इंजिनिअर. बंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्यातलं काम सांभाळत असताना तो आप्पासाहेबांच्या ओळखीने औंधला आला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं, त्यामागे त्याची कल्पना होती. जन्मठेपेचे कैदी तिथे बेड्यांशिवाय, भिंतींशिवाय, बायकामुलांसोबत शेती करायचे. त्यावरूनच माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा दो आँखें बारह हाथ आला. हाच फ्रीडमन पुढे मुंबईत खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांच्या पायाशी बसला आणि त्यांची मराठी संभाषणं त्याने इंग्रजीत नेली.

आता पुन्हा श्लोकाकडे या. भगवंत फक्त आहार म्हणत नाहीत, कर्मांमधली चेष्टाही युक्त असावी म्हणतात. म्हणजे मी काम किती करतो, अधिकार किती वापरतो, कुठे थांबतो, हेही. शाळेतल्या पोरांवर सक्ती करणारा राजा आणि गादीवरचा अधिकार सोडून देणारा राजा एकच आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याला माप हळूहळू सापडत गेलं, आधी शरीरात आणि मग सत्तेत. रोज पहाटे कपाळ जमिनीला टेकवणाऱ्या माणसाला सत्तराव्या वर्षी राज्यापुढे वाकणं थोडं सोपं गेलं असेल का? मला वाटतं, गेलं असेल.

१९४८ च्या मार्चमध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. सातवळेकर गुजरातेत पारडीला गेले. पंत १३ एप्रिल १९५१ रोजी गेले, वय ८२. त्यांनी जमवलेली चित्रं, शिल्पं औंधच्या टेकडीवर संग्रहालयात आहेत, १९३८ पासून. मूळपीठाच्या यमाईला जाल तेव्हा वाटेतच आहे, चुकवू नका. पुनावळ्याहून पहाटे निघालात, म्हणजे महामार्गाच्या बोगद्याखाली गाड्या अडकायच्या आत, तर साताऱ्यामार्गे दर्शन आणि संग्रहालय दोन्ही एका दिवसात होतं.

मित्राचं कळवतो: डॉक्टरांनी त्याला सध्या फक्त सपाटीवर चालायला सांगितलंय, नमस्कार इतक्यात नाहीत. पवनेच्या काठाने संध्याकाळी वीस मिनिटं चालतो, हरिपाठ तेवढ्यात होतो. ज्यांना हृदयाचा, पाठीचा, रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हे वाचून उद्या लगेच सतरंजी पसरू नका, आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांपैकी कोणाला रथसप्तमीपर्यंत रोज बारा नमस्कार घालायचे असतील तर कमेंटमध्ये नुसतं मित्र एवढं लिहा. आकडे मागणार नाही, स्क्रीनशॉट तर मुळीच नको.

उद्या श्लोक १८.

राम कृष्ण हरी.