परमुलखातली पेरणी

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. आडनावात ‘खान’ आहे, म्हणून पुष्कळांना हे गृहस्थ मुसलमान वाटतात. ते वर्ध्याच्या मराठी हिंदू घरातले. जन्म 7 नोव्हेंबर 1884 चा. रमजानच्या पानावर त्यांची आठवण काढायचे कारण अर्थातच आडनाव नव्हे. उपाशी माणसाला जेवू घालावे, हे सगळेच धर्म सांगतात आणि या महिन्यात आपल्या गल्लीगल्लीत ते घडतेही. पण त्या माणसाच्या शेतात पुढच्या साली दाणा पिकावा म्हणून परक्या देशात जाऊन उमेदीची वर्षे खर्च करणारा विरळाच. तो आपल्या मराठी मुलखातला होता, हे मानवतच्या मोंढ्यात कापसाची गाडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला माहीत असायला हवे.

खानखोजेंच्या पोरवयातच मध्य प्रांतावर दोन मोठे दुष्काळ कोसळले, 1896-97 आणि 1899-1900. त्या पिढीला भूक पुस्तकातून शिकावी लागली नाही. इंग्रजांना हाकलायचे तर लष्करी शिक्षण हवे, या ध्यासाने विशीतच ते घराबाहेर पडले. लोकमान्य टिळकांनीही परदेशी जाण्याचाच सल्ला दिला होता. आधी जपान, मग अमेरिका. खिशात काही नव्हते, तेव्हा पडेल ते काम केले. तिथे दोन विद्या ते बरोबरीने शिकत राहिले. एक बंदुकीची, दुसरी शेतीची. 1913 मध्ये गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या लष्करी बाजूची जबाबदारी यांच्याकडे होती.

पहिल्या महायुद्धात ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. सोबतचे बंगाली सहकारी प्रमथनाथ दत्त ‘दाऊद अली’ या नावाने वावरत. मुरादाबादचे क्रांतिकारक अंबाप्रसाद तर ‘सूफी अंबाप्रसाद’ म्हणूनच ओळखले जात; जन्माने हिंदू, आणि त्यांची अखेर झाली ती शिराजमध्ये. कोण कुठल्या धर्माचा, हे त्या टोळीत विचारायला कुणाला सवड नव्हती. दक्षिण इराणच्या भटक्या जमातींमध्ये राहून खानखोजे इंग्रजांशी लढले, पकडले गेले, निसटले, वेष बदलून हिंडले. त्याच सुमारास इराणातही भीषण दुष्काळ पडला होता. लढाई मात्र हरली. मग बर्लिन, 1921 मध्ये मॉस्को. मायदेशी परतायची वाट बंद होती, कारण इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव होते. 1924 मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले. अमेरिकेत असताना जोडलेले मेक्सिकन स्नेही रामोन दे नेग्री आता तिथे सरकारदरबारी वजनदार झाले होते. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत खानखोजेंना अध्यापनाचे काम मिळाले. वय चाळीस. बंदूक सुटली होती, राहिली ती दुसरी विद्या.

इथून पुढची गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला परकी वाटू नये. मेक्सिकोत 1910 मध्ये क्रांती सुरू झाली ती मुख्यतः जमिनीसाठी. मोठमोठ्या जमीनदारांच्या हजारो एकरांच्या वाड्या मोडून सरकार गावांना सामाईक हक्काने जमीन देऊ लागले. पण नुसत्या जमिनीने काय होते? बैल नाही, बियाणे नाही, हातात पैसा नाही. आपल्याकडे हैदराबाद राज्यात 1950 चा कूळ कायदा आला, तेव्हा कसणाऱ्यापुढे हेच प्रश्न उभे होते. सातबारा नावावर आणि वही सावकाराकडे! मेक्सिको सरकारने 1926 मध्ये शेतीकर्जासाठी बँक काढली. तिचा पैसा गेला बहुतांशी बड्या बागायतदारांकडे आणि राजकारणात शिरलेल्या सेनापतींकडे. सामाईक जमिनीवरच्या गरीब शेतकऱ्यासाठी वेगळी बँक निघायला 1935 साल उजाडले. बँकेचे हे वळण आपल्याला काही नवे नाही.

त्या मधल्या काळात खानखोजे आणि त्यांच्या मित्रांनी शेतकरी संघटनांच्या मदतीने ‘मुक्त कृषिशाळा’ काढल्या. प्राध्यापकी हे पोटापाण्याचे काम, या शाळा मनाच्या. राजधानीजवळच्या खेड्यांत, ज्यांनी कधी पाटी धरली नाही अशा लोकांसाठी त्या होत्या. एका शाळेला एमिलियानो झपाटांचे नाव दिले होते, जमिनीसाठी लढता लढता मारला गेलेला शेतकऱ्यांचा हा पुढारी. माती, खत, बियाण्याची निवड आणि एकत्र येऊन कारभार कसा करावा, असे तिथले शिक्षण. वर्ध्याचा माणूस हे सारे स्पॅनिशमध्ये शिकवत होता.

आजकाल शिकलेली मुले स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेत, आशियात जातात. लहान कर्जे, बचत गट, शेतीविकास अशा कामांत सहा महिने, वर्षभर राहतात. चांगलेच आहे. मात्र सहा महिन्यांत गावची बोलीही नीट कानात बसत नाही, आणि कर्ज फेडता न आलेली बाई उंबऱ्यात येऊ का देत नाही, हे कळायला तर ती बोलीच लागते. खानखोजे तिथे तीस वर्षांच्या आसपास राहिले.

चापिंगोत त्यांचा जीव जडला तो मक्यावर. मका हे मेक्सिकोचे आद्य पीक. आपल्याकडे जशी ज्वारी, तशी तिथे मक्याची भाकरी. त्याचा रानटी पूर्वज तेओसिंते हे गवत तिथल्या शेतांच्या बांधावर आजही उगवते. खानखोजेंनी या गवताचा मक्याशी संकर करून पाहिला, जास्त दाणे देणारे वाण शोधले. बाहेरचे बियाणे आणून माथी मारण्यापेक्षा तिथल्याच मातीतले नाते धुंडाळणे त्यांना महत्त्वाचे वाटले. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ ज्वारी पेरणाऱ्याला या खटपटीचे मोल वेगळे सांगायला नको. त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकर्तीने काढली.

दिएगो रिवेरा हा मेक्सिकोचा थोर भित्तिचित्रकार त्यांचा मित्र. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत त्याने 1928 मध्ये एक चित्र रंगवले. त्याचे नाव ‘आमची रोजची भाकरी’. मेजाभोवती थोर, पोरे, निरनिराळ्या तोंडवळ्यांची माणसे बसली आहेत. मागे डोक्यावर फळांची पाटी घेतलेली बाई उभी आहे. मेजाच्या अग्रभागी बसलेला माणूस भाकरी मोडतो आहे, आणि तो चेहरा खानखोजेंचा आहे. इफ्तारच्या दस्तरखानावर वडीलधारा माणूस खजूर वाटतो, तसेच काहीसे. परक्या देशाने आपल्या सरकारी भिंतीवर एखाद्या मराठी माणसाला अशी बैठक दिल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी आठवत नाही.

1936 मध्ये जीन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर मध्य प्रांताच्या सरकारने त्यांना शेतीसल्लागार म्हणून बोलावले. चाळीसहून अधिक वर्षांनी हा माणूस मायभूमीवर उतरला, तर विमानतळावरच अडवला गेला. इंग्रज गेले होते, त्यांची काळी यादी तेवढी कुणी पुसली नव्हती! वरिष्ठांपर्यंत निरोप गेले, तेव्हा सुटका झाली. सल्ले त्यांनी पुष्कळ दिले, ते फारसे कुणी मनावर घेतले नाहीत. ते मेक्सिकोला परतले आणि 1950 च्या दशकात सहकुटुंब नागपुरात कायमचे राहायला आले. शेवटची वर्षे तशी अंधारातच गेली. आजही त्यांचे नाव विदर्भाबाहेर, शेती शिकणाऱ्या मुलांनाही, चटकन सांगता येत नाही.

ते परत आले, त्यानंतर काही वर्षांनी देशात धान्याची टंचाई पडली आणि अमेरिकन गव्हाच्या बोटींकडे डोळे लावून बसायची पाळी आली. सरकारने 1966 मध्ये 18,000 टन गव्हाचे बियाणे आणवले, तेही मेक्सिकोतून. ते वाण नॉर्मन बोरलॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले. हे लोक मेक्सिकोत कामाला लागले 1940 च्या दशकात, खानखोजे तिथे खेड्यांतून हिंडू लागले त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. बियाणे त्याच रब्बीला पेरले गेले. जानेवारी 1967 मध्ये खानखोजे नागपुरात वारले, तेव्हा तो गहू उत्तरेतल्या शेतांत उभा होता.