श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद : वैभव, विनाश आणि विवेक

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या व्यापारी इतिहासात श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद यांच्याइतका उत्कर्ष आणि तितकीच पडझड फार थोड्यांच्या वाट्यास आली. सुरतेच्या ओसवाल जैन कुटुंबात १८३१ साली त्यांचा जन्म झाला. वडील रायचंद दीपचंद यांच्यासमवेत ते बालपणीच मुंबईस आले. इंग्रजी भाषा आत्मसात करून ऐन तारुण्यात त्यांनी दलालीच्या व्यवसायात पदार्पण केले आणि अल्पावधीत कापसाच्या व शेअरांच्या बाजारात अग्रस्थान मिळविले.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस बंद होताच लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या आणि शहरात पैशाचा पूर आला. नवनव्या कंपन्या निघाल्या. बॅक बे भरणी कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला.

१८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेत सरकारचेही शेअर होते. म्हणून लोकांचा तिच्यावर गाढ विश्वास होता. मात्र १८६३ च्या कायद्याने कर्जावरील निर्बंध शिथिल झाले. बँकेचे चिटणीस जेम्स ब्लेअर यांच्यावर प्रेमचंदांचा मोठा प्रभाव होता. त्यांच्या शिफारशीवर, केवळ शेअरांच्या तारणावर मोठमोठी कर्जे दिली गेली. शेअर चढे म्हणून कर्ज मिळे आणि कर्ज मिळे म्हणून शेअर चढे, असे हे चक्र होते.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली, तेव्हा देणी भागविण्यास कोणाजवळ पैसा उरला नव्हता. प्रेमचंदांशी निगडित एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन १८६६ साली बुडाली. बहुतेक भांडवल गमावून बँक ऑफ बॉम्बेही १८६८ साली गुंडाळली गेली. चौकशी आयोगाने ढिलाईच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला. त्यात प्रेमचंदांचे नावही सुटले नाही. शेअर घेणारी असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली, हे त्यांच्या गुणगौरवातही विसरता येत नाही.

वैभवकाळात दिलेले दान मात्र टिकले. मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये त्यांनी दिले. १८७८ साली पूर्ण झालेल्या या मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचे नाव मिळाले. दृष्टिहीन मातेला सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटानादाने कळावी, हा त्यामागील हेतू होता, असे सांगतात. कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी दोन लाख रुपये दिले. तेथे त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली.

सर्वस्व गमावूनही ते खचले नाहीत. १८७५ साली मुंबईतील शेअर दलालांची संघटना स्थापन करण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.

सिंधुदुर्गातून मुंबईस जाणाऱ्या आपल्या बांधवांना राजाबाई मनोरा आजही दिसतो. परिग्रहाला मर्यादा घालावी, ही जिनवाणीची शिकवण व्यवहारातही किती मोलाची आहे, हे या चरित्रावरून उमगते. स्वतःचे धन पणाला लावणारा स्वतःपुरता बुडतो. परंतु लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्याने संयम सोडला, तर त्याची झळ निरपराध घरांना पोहोचते. पतपेढी असो वा विश्वस्त संस्था, तिच्या तिजोरीची खरी किल्ली विवेक हीच होय.