संत तेरेजा आणि विश्वासाची काळोखी रात्र

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आमच्या वाडवडिलांचा अढळ विश्वास आठवून आम्ही परमेश्वराचे आभार मानतों. परंतु आमच्यांपैकीं कित्येकांच्या मनांत एक दुःख दडलेलें असतें. घरांत एखादें मूल दगावलें किंवा दुखणें हटेनासें झालें, म्हणजे देव खरोखर आहे काय, स्वर्ग आहे काय, असा प्रश्न उभा राहतो. त्याची आम्हांस लाज वाटते. पापनिवेदनाच्या वेळींही तो ओठांवर येत नाहीं. अशा बंधुभगिनींसाठीं लिझ्यूच्या संत तेरेजेच्या शेवटच्या १८ महिन्यांची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तेरेजेचा जन्म फ्रान्स देशांतील अलांसों या गांवीं २ जानेवारी १८७३ रोजीं झाला. बाप घड्याळजी, आई लेस तयार करविण्याचा धंदा करणारी. दोघेंही मोठीं भाविक. तेरेजा ४ वर्षांची असतां आई वारली व कुटुंब लिझ्यू येथें राहावयास गेलें. ९ एप्रिल १८८८ रोजीं, १५ वर्षांची असतां, ती तेथील कार्मेल मठांत दाखल झाली. त्या काळीं तिचा विश्वास इतका जिवंत होता कीं, देव नाहीं म्हणणारीं माणसें मनांतूनही तसेंच मानीत असतील, हें तिला खरें वाटत नसे.

१८९६ सालीं पवित्र गुरुवारच्या रात्रीं तिच्या तोंडावाटे रक्त आलें. ती क्षयाची खूण होती. आपण लवकरच प्रभूजवळ जाणार म्हणून तिला उलट आनंदच झाला. परंतु थोड्याच दिवसांत, पास्काच्या सणाच्या काळांत, तिच्या अंतःकरणांत दाट काळोख पसरला. ज्या स्वर्गाच्या आशेवर ती जगत होती तो नाहींच, मरणापलीकडे केवळ शून्य आहे, असें कोणी तिला हिणवून सांगत आहे, असें तिला वाटूं लागलें. मध्येंच एखादा किरण दिसे. पण काळोख शेवटपर्यंत हटला नाहीं.

शंकेशीं वाद घालीत ती बसली नाहीं. तिच्याकडे पाठ फिरवून ती येशूकडे धांव घेई. तिनें क्रेदोची प्रार्थना स्वतःच्या रक्तानें लिहिली व ती आपल्या हृदयाशीं बाळगली. मनाची ही स्थिति तिनें वरिष्ठांपासून लपविली नाहीं. मठाधिकारिणीच्या आज्ञेवरून १८९७ च्या जून महिन्यांत ती वहींत लिहूनही ठेवली. त्याच दिवसांत तिनें रचिलेल्या कवितांत स्वर्गसुखाचें वर्णन होतें. तें सुख तिला लाभलें आहे, असें वाचणाऱ्यांस वाटे. वास्तविक जें अनुभवास येत नव्हतें, पण जें मानावयाचें तिनें ठरविलें होतें, तेंच ती गात होती.

विश्वास नसलेलीं माणसें खरोखरच असतात, हें आतां तिला उमगलें. तिनें त्यांचा तिरस्कार केला नाहीं. त्यांच्याच मेजावर बसून दुःखाची भाकर खाण्यास ती तयार झाली, आणि स्वतःस त्यांच्यांतच मोजून तिनें देवाजवळ सर्वांसाठीं दया मागितली.

३० सप्टेंबर १८९७ रोजीं, अवघ्या २४ व्या वर्षीं, देवावरील प्रीति बोलून दाखवीत तिनें प्राण सोडला. १७ मे १९२५ रोजीं अकरावे पायस यांनीं तिला संतपद दिलें. ज्यांचें पवित्र शरीर जुन्या गोव्यांत आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीनें १९२७ सालीं ती मिशनकार्याची आश्रयदात्री ठरली. एकानें धर्मप्रसारासाठीं समुद्र ओलांडले. दुसरीनें मठांतूनच प्रार्थना केली. १९९७ सालीं दुसरे जॉन पॉल यांनीं तिला ख्रिस्तसभेच्या आचार्यांत स्थान दिलें.

यावरून आम्हीं काय घ्यावें? न बोलावतां आलेली शंका हें पाप नव्हे, आणि मनाला गोड वाटणें म्हणजेच विश्वास नव्हे. मन कोरडें असेल त्या दिवशींही आम्हीं क्रेदो म्हणावा, मिस्सेस यावें, धर्मगुरूंजवळ मन उघडें करावें. आणि शेजारचा कोणी देवळांत येईनासा झाला असेल, तर त्याला नांवें ठेवण्यापूर्वीं त्याच्यासाठीं एक प्रार्थना करावी. कारण त्याचा काळोख उद्यां आमच्याही वाट्यास येऊं शकेल.

संत तेरेजे, आम्हांसाठीं विनंती कर.