नाथांनी पोथी ताडून पाहिली

शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातोहात उतरत गेली. कुणाची नजर चुकली, कुणी पदरची ओवी घुसडली. ऐकणाऱ्याला तेही माउलींचेच वाटे!

पैठणच्या एकनाथमहाराजांना माउलींनी स्वप्नात सांगितले, अजानवृक्षाची मुळी कंठास लागली आहे, अशी कथा आहे. नाथ उठून आळंदीस गेले. पण दृष्टांत झाला म्हणून पुढचे कष्ट चुकले नाहीत, बरं का! अनेक पोथ्या समोर घेऊन त्यांनी पाठ ताडले. स्वतः एवढे कवी, पण आपले काही मिसळले नाही. इतरांनाही तशी ताकीद दिली.

शके १५०६ (सन १५८४), भाद्रपदात कपिलाषष्ठीला गोदाकाठी शुद्ध प्रत पुरी झाली. पारायणाला आपल्या हाती बहुधा तोच पाठ असतो.