कै. दादासाहेब फाळके

धांवणाऱ्या माणसाचे दोन्ही पाय नेमके केव्हां जमिनीवरून सुटतात, हें नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं. त्यासाठीं हालचालीचीं स्थिर चित्रें घेऊन तीं एकामागून एक तपासावीं लागतात. फ्रान्समधील मारे नामक शास्त्रज्ञानें १८८० नंतर हीच रीत अवलंबिली. काळ्या पोशाखावर पांढऱ्या रेघा लावलेल्या माणसाच्या चालण्याचीं छायाचित्रें त्यानें घेतलीं. आपल्या देशांत चलच्चित्रांची विद्या ज्यांनीं स्वकष्टानें रुजविली, ते धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके होत.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. पुढें त्यांनीं लोणावळ्यास छापखाना काढला. वयाच्या चाळिशीच्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट त्यांच्या पाहण्यांत आला, आणि त्या विद्येचा त्यांस ध्यास लागला. रोज तासन् तास ते चित्रपट पाहूं लागले. अतिश्रमानें त्यांची दृष्टि गेली. उपचारांनीं ती परत आली, परंतु ध्यास सुटला नाहीं. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ सालीं ते लंडनला गेले व कॅमेरा घेऊन परतले.

प्रथम त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज त्याचें चित्र टिपलें. महिन्याची वाढ पडद्यावर पाहतां पाहतां पुरी झाली, तेव्हां भांडवल मिळण्याची वाट खुली झाली. पत्नी सरस्वतीबाईंनीं दागिने दिले. शिवाय अंधारांत बसून फिल्मला छिद्रें पाडण्याचें किचकट काम केलें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. त्याची फिल्म सुमारें ३७०० फूट होती. फुटास १६ चित्रें धरल्यास तीं ५९,००० हून अधिक भरतात! १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें दादासाहेबांचें निधन झालें.

आज संगणक अशाच ओळीनें घेतलेल्या प्रत्येक चित्रांत माणसाचा खांदा, कोपर व गुडघा हुडकतो, पुढील चित्रांत ते कोठें सरकले तें पाहतो, आणि त्यावरून माणूस कसा चालतो तें सांगतो. चालण्यांत अडचण असलेल्या रोग्यांस व खेळाडूंस याचा उपयोग होतो. आपल्या शेजारीं अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकविद्या शिकविली जाते. उद्यां तुमच्यापैकीं कोणी तेथें जाईल. त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, यंत्रें बदललीं तरी एकेक चित्र धीरानें पाहिल्यावांचून हालचालीचें मर्म उमगत नाहीं. दादासाहेबांनीं त्यासाठीं आपले डोळे पणास लावले होते.