हाड वाढते कुठून?
जॉन हंटर (१७२८-१७९३) यांचे शालेय शिक्षण बेताचेच. विसाव्या वर्षी स्कॉटलंडहून ते लंडनला आले आणि थोरल्या भावाकडे शवविच्छेदन शिकले. हाडे वाढतात कशी, याचे त्यांना विलक्षण कुतूहल. डुकराच्या पिल्लाच्या नडगीत दोन भोके पाडून त्यांनी शिशाचे छर्रे बसवले. डुक्कर मोठे झाले, नडगी लांबली. छर्‍यांमधले अंतर मात्र तेवढेच! म्हणजे हाड मधे ताणले जात नाही, टोकांशी वाढते. वाढत्या वयात टोकाजवळ हाड मोडले, तर डॉक्टर आजही जास्त जपतात ते यामुळेच.

या कुतूहलापायी त्यांनी एक अन्यायही केला. आयर्लंडचा अतिउंच चार्ल्स बर्न १७८३ मध्ये वारला. देह समुद्रात सोडावा, ही त्याची इच्छा. हंटर यांनी पैसे चारून तो मिळवला. सांगाडा २०२३ मध्ये प्रदर्शनातून काढला. राहिला मात्र संग्रहालयाकडेच.