रुडॉल्फ डिझेल

रुडॉल्फ क्रिस्टियान कार्ल डिझेल (१८ मार्च, १८५८ – २९ सप्टेंबर, १९१३) हे जर्मन यंत्र अभियंता आणि संशोधक होते. ठिणगीची गरज नसलेले, केवळ दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटवणारे इंजिन त्यांनी विकसित केले. हे इंजिन आणि त्याचे इंधन ही दोन्ही आज त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

बालपण आणि शिक्षण

डिझेल यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांचे आईवडील मूळचे बव्हेरियाचे होते. वडील थिओडोर हे चामड्याच्या वस्तू तयार करणारे कारागीर होते. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध सुरू झाल्यावर या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले. तेथून बारा वर्षांच्या रुडॉल्फ यांना शिक्षणासाठी ऑग्सबर्ग येथे, गणिताचे अध्यापन करणाऱ्या एका नातेवाइकांकडे, पाठवण्यात आले. पुढे त्यांनी म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला आणि १८८० साली अत्युच्च गुणांनी पदवी संपादन केली.

म्युनिकमध्ये शीतकरण यंत्रांचे संशोधक कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे प्राध्यापक होते. त्या काळातील वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामात आणत असे; उरलेली उष्णता वाया जाई. हा अपव्यय टाळणारे यंत्र घडवायचे, हा विचार विद्यार्थिदशेतच त्यांच्या मनात रुजला. पदवीनंतर त्यांनी लिंडे यांच्या व्यवसायात पॅरिस व बर्लिन येथे काम केले. १८८३ मध्ये त्यांचा मार्था फ्लाशे यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली. अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनावर प्रयोग करताना झालेल्या स्फोटात ते गंभीर जखमी झाले होते.

इंजिनाचा शोध

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. हवा एकाएकी दाबली की तिचे तापमान वाढते. सिलिंडरमध्ये दट्ट्याने हवा पुरेशी दाबली, तर तीत सोडलेले इंधन आपोआप पेट घेईल, हे डिझेल यांच्या योजनेचे मूळ होते. १८९२ साली त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये ते मंजूर झाले. त्याच वर्षी त्यांनी या सिद्धान्तावर एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप उद्योगसमूह यांनी प्रयोगांसाठी साहाय्य दिले.

१० ऑगस्ट, १८९३ रोजी पहिल्या चाचणीत इंधन पेटले, परंतु दाब मोजणारे उपकरण फुटले. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन प्रथमच सुमारे एक मिनिट स्वतःच्या शक्तीवर चालले. त्यानंतर तीन वर्षे सुधारणांमध्ये गेली. १७ फेब्रुवारी, १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी घेतलेल्या चाचणीत सुमारे १८ अश्वशक्तीच्या या इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. तत्कालीन वाफेच्या इंजिनांपेक्षा ती कितीतरी अधिक होती. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले.

सामाजिक विचार

वाफेची अवाढव्य इंजिने मोठ्या कारखानदारांनाच परवडत, आणि त्यामुळे छोटे कारागीर उद्योगातून बाहेर फेकले जात. लहान, काटकसरीचे इंजिन मिळाल्यास कारागिराला आपल्या कार्यशाळेत टिकून राहता येईल, अशी डिझेल यांची अपेक्षा होती. १९०३ साली त्यांनी कामगारांच्या सहभागित्वावर आधारलेल्या अर्थव्यवस्थेविषयी एक ग्रंथ लिहिला, पण त्याला फारसा प्रतिसाद लाभला नाही. त्यांच्या हयातीत या इंजिनाचा प्रसार मुख्यतः वीजकेंद्रे, मोठे कारखाने आणि जहाजे यांतच झाला.

अखेरचा काळ आणि मृत्यू

एकस्वाच्या परवान्यांतून डिझेल यांना अमाप संपत्ती मिळाली. मात्र एकस्वासंबंधीचे वाद, ढासळलेली प्रकृती आणि फसलेली गुंतवणूक यांमुळे ती ओसरली. २९ सप्टेंबर, १९१३ रोजी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या जहाजावर चढले. रात्रीच्या भोजनानंतर ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी ते जहाजावर आढळले नाहीत. काही दिवसांनी एका डच नौकेला समुद्रात मृतदेह दिसला. त्याच्याजवळच्या वस्तूंवरून त्यांच्या मुलाने ओळख पटवली. कुटुंबावर मोठे कर्ज असल्याचे पुढे उघड झाले. बहुतेक चरित्रकार ही आत्महत्या मानतात. घातपाताच्या तर्काला पुरावा मिळालेला नाही.

डिझेल ट्रक आणि हवेचा प्रश्न

सुरुवातीच्या डिझेल इंजिनांत इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे. त्यासाठीच्या जड यंत्रणेमुळे हे इंजिन रस्त्यावरील वाहनांना सोयीचे नव्हते. इंधन थेट दाबाने फवारणारे पंप विकसित झाल्यावर, डिझेल यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, जर्मनीत पहिले डिझेल ट्रक तयार झाले.

डिझेल इंजिनाची शक्ती इंधनाच्या मात्रेने कमीजास्त केली जाते. पण सिलिंडरमधील ऑक्सिजन पुरेल तेवढेच इंधन जळते. त्याहून अधिक इंधन दिल्यास ते काळा धूर होऊन बाहेर पडते. म्हणून शक्ती वाढवायची तर अधिक हवा कोंबावी लागते. हे काम टर्बोचार्जर करतो. मोटारशर्यतींत व ट्रकने वजन ओढण्याच्या स्पर्धांत यासाठी नायट्रस ऑक्साइडही वापरतात. हा वायू स्वतः इंधन नाही. वजनाच्या प्रमाणात हवेत सुमारे २३ टक्के, तर या वायूत सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो. बाटलीतील वायू विद्युत झडपेद्वारे हवेच्या नळीत सोडला जातो आणि सिलिंडरमधील उष्णतेने त्यातील ऑक्सिजन मोकळा होऊन जादा इंधन जळते. मात्र त्याबरोबर दाब आणि तापमानही वाढते. इंजिन त्या भारासाठी घडवलेले नसेल, तर दट्ट्या वितळणे किंवा सिलिंडरच्या माथ्याखालील गॅसकेट फुटणे असे अपघात संभवतात. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई आहे.

भारतातील वारसा

१९५४ साली टाटा समूहाने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूर येथे डिझेल ट्रकचे उत्पादन सुरू केले. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, त्या नागपूरसारख्या शहरांची मालवाहतूक आज मुख्यतः डिझेल ट्रकवर अवलंबून आहे. महाराष्ट्रात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिच्या लहान इंजिनांनी विहिरींवरील मोटा मागे पडल्या, गावोगावच्या पिठाच्या गिरण्या फिरू लागल्या आणि रसवंत्याही चालल्या. छोट्या माणसाच्या हाती स्वतःची शक्ती देण्याची डिझेल यांची अपेक्षा युरोपातील कारखान्यांनी पूर्ण केली नाही. ती अशा विहिरींच्या काठी बऱ्याच अंशी साकार झाली.